नवी गाडी येऊ दे

मिस्त्रींना घाईची चीड होती. लाकूड आणलं तरी ते कारखान्याच्या भिंतीला महिनोन्‌महिने उभं करून ठेवायचे. त्यातला ओलावा पुरता गेल्याशिवाय त्याला करवत लावायचे नाहीत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "ओल्या लाकडाचं दार आज करून देतो. पण मग ते उघडायला दर पावसाळ्यात मला बोलवायचं नाही." गिऱ्हाईक गप्प बसायचं, आणि पुढे ते दार खरोखरच कधी चिकटायचं नाही. त्यामुळे थांबण्यानं कुणाचं वाकडं होऊ शकतं, हे पन्नाशी उलटून गेली तरी मिस्त्रींना कळायचं राहूनच गेलं होतं.

एकदाच त्यांनी घाई केली होती आणि ती त्यांना चांगली भोवली होती. कपाटं, पलंग पोचवायला म्हणून त्यांनी एक पिकअप घेतली. तिच्यावर नंबर पडतो न पडतो तोच कंपनीनं त्याच गाडीचं नवं मॉडेल बाजारात आणलं. मागचा सामानाचा हौदा लांब, चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे मऊ, स्टिअरिंग लोण्यासारखं. तेव्हापासून मिस्त्रींची गाडी लाकडाच्या वखारीसमोर लागली की वखारवाला आतूनच ओरडायचा, "मिस्त्री, गाडी घेतलीत की म्युझियममधून सोडवून आणलीत?" हमाल खो खो हसायचे. थट्टा जुनी झाली, पण नाव चिकटलं. "म्युझियम आलं, सरका रे!" मिस्त्रीही वरवर हसायचे. आत मात्र ती गोष्ट पायात मोडलेल्या काट्यासारखी ठसठसत राहायची.

ते म्युझियम वर्षानुवर्षं राबलं. त्याचं डावं दार एका वळणावर भिंतीला घासून निकामी झालं, तेव्हा मिस्त्रींनी भंगारातून दुसऱ्या गाडीचं निळं दार आणून बसवलं. पांढरी गाडी आणि निळं दार, त्यामुळे ती कुठूनही ओळखू यायची. हौद्याच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली, तिथं दोरी आली. चढावर ती इतका धूर सोडायची की मागचे लोक शिव्या घालत काचा वर करायचे. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, आता हिला निवृत्त करा. नाहीतर ती तुम्हाला करेल."

मिस्त्री शोरूमला गेले. तिथल्या विक्रेत्यानं त्यांना गाडीभोवती फिरवलं, दारं उघडून दाखवली, चहा पाजला, आणि मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"काका, आज घ्यायची तर आज देतो. माझं काय, विक्री झाली की झालं. पण तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सांगतो. हिचं नवं मॉडेल येतंय. सगळंच बदलणार आहे. दोन-तीन महिने कळ काढता आली तर काढा."

त्या विक्रेत्याचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या पदरचं नुकसान करून त्यानं खरं तेच सांगितलं होतं. मिस्त्रींनी त्याचा हात हातात घेतला. मनात म्हणाले, वेळेवर सावध झालो! या वेळी वखारवाल्याला तोंड उघडायला जागा ठेवायची नाही.

त्याच आठवड्यात घाटापलीकडून ताईचा फोन आला.

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री नुकते भिंत धरून चालायला लागले होते आणि ताई शाळेत जात होती. तिची शाळा तिथंच सुटली. तिनं त्यांना कडेवर घेऊन स्वयंपाक केला, कडेवर घेऊन पाणी भरलं. पुढे वडील त्यांना एका किराणा दुकानात चिकटवायला निघाले तेव्हा ती मध्ये पडली. "बाबा, त्याचे हात तर बघा. पुड्या बांधण्यात वाया घालवू नका." म्हणून मिस्त्री मिस्त्री झाले. ताईच्या लग्नात त्यांनी तिला स्वतःच्या हातानं कपाट करून दिलं. नवीन नवीन कारागिरीचा तोरा होता. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही; सगळे सांधे खाचेत बसवून वरून सरस भरलेला. कपाट झालं देखणं, पण पुन्हा सुटं करायची सोयच उरली नाही. सासरच्या घरी ते जिन्यातून वर जाईना, तेव्हा दोर बांधून गॅलरीतून चढवावं लागलं. ताईच्या नवऱ्यानं खालून हात जोडले होते, "मेहुणे, पुढच्या वेळी शिडी पण करून द्या!"

तो हसतमुख माणूस जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. ताई दीर-जावेच्या घरात वरच्या खोलीत राहत होती. माणसं वाईट नव्हती. तिला कुणी वाकडा शब्द बोलत नव्हतं. आणि ताईचा स्वभाव असा, की पाणी मागायचं असलं तरी ती म्हणणार, "आज फार उकडतंय, नाही?"

फोनवरही तिनं तसंच केलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "छोट्या, तुझी मागची खोली अजून रिकामीच असते का रे?"

साऱ्या गावाचे मिस्त्री ताईला अजून छोट्याच होते.

"रिकामी कसली? प्लायवूड भरलंय. का गं?"

"काही नाही, सहज. इथं पुतण्या बदली होऊन परत येतोय, बायको-मुलं घेऊन. घर लहान पडेल आता. आणि या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा हल्ली मोजून घ्याव्या लागतात मला."

मिस्त्री काही दगड नव्हते. त्यांना लगेच कळलं. "ताई, तू सरळ इकडे ये राहायला. ती खोली तुझीच."

"तुझ्या बायकोला तरी विचार आधी."

बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिनं फोन हिसकावूनच घेतला. "ताई, हे विचारणं झालं का? उद्या निघा."

ताई हसली. तिचं हसणं फोनबाहेर मिस्त्रींनाही ऐकू आलं. "अगं, येईन गं. पण त्या तुझ्या नवऱ्याच्या कपाटाचं काय करू? ते म्हणजे हत्ती आहे नुसता."

मिस्त्रींनी फोन परत घेतला. "कपाट मी केलंय, मीच आणणार. कुणाला हात लावू द्यायचा नाही. फक्त नवी गाडी येऊ दे. या म्युझियमला घाट झेपायचा नाही, ताई. मध्येच बसलं तर तू, मी आणि हत्ती, तिघंही रस्त्यावर. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"येऊ दे की," ताई म्हणाली. "मला कुठं घाई आहे?"

बायकोनं दुसऱ्याच दिवशी खोलीतलं प्लायवूड शेडमध्ये हलवलं. भिंतींना चुना दिला. ताई बसल्या बसल्या शिवण करते म्हणून खिडकीपाशी दिव्याची सोय केली. "कॉटची उंची जरा जास्त ठेवा," ती मिस्त्रींना म्हणाली, "त्यांना उठताना त्रास होईल." मिस्त्रींनी कॉट केली. वाळलेलं उत्तम लाकूड त्यासाठी काढलं.

आणि मग गाडीची वाट बघणं सुरू झालं.

दोन-तीन महिने गेले. कंपनीनं काही केलं नाही. मोबाइलवर फोटो मात्र यायला लागले. कुठल्या तरी रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचं कापड गुंडाळलेली गाडी चाचणीसाठी पळताना कुणीतरी चोरून टिपली होती. मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल डोळ्यांशी धरून ते फोटो बघायचे. कापडाखालच्या उंचवट्यावरून हौद्याची लांबी ताडायचे. गरोदर बाईच्या पोटावरून मुलगा की मुलगी ओळखणाऱ्या शेजारणीसारखं त्यांचं चाललंय, असं बायको म्हणायची. मग बातमी आली की गाडी पुढच्या हंगामात येणार. मग आली की इंजिनात काही बदल करतायत, आणखी थोडं लांबेल.

"दुसऱ्या कुणाची गाडी बोलवा की," बायको म्हणाली. "एक दिवसाचं तर काम. वखारवाल्याचा टेम्पो आहे."

"माझ्या बहिणीचं सामान भाड्याच्या टेम्पोत आणू?"

"सामान राहू दे मग. माणूस आणा. बसनं आणा. कपाट मागून येईल."

"कपाट सोडून ती यायची नाही."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

मिस्त्रींनी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "इतकी थांबलीय, आणखी थोडं." खरं तर त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र पक्कं बसलं होतं. कोरी गाडी, हौद्यात गोधड्यांत गुंडाळलेलं कपाट, शेजारच्या सीटवर ताई, आणि ती म्हणतेय, छोट्या, तू नाव काढलंस. ते चित्र मोडून भाड्याचा टेम्पो आणि बसस्टँड त्यात बसवायला त्यांचं मन तयार होत नव्हतं.

ताई फोनवर अधूनमधून विचारायची, "गाडीचं काय झालं रे?" मिस्त्री तिला सविस्तर सांगायचे. हौद्याच्या बाजू आता तिन्हीकडून उघडतात. मागचं दिसायला कॅमेरा आहे. "अगं बाई!" ती म्हणायची. "मग थांबायलाच हवं."

अशातच घाटापलीकडच्या त्याच गावातून एक काम आलं. नव्या दवाखान्याला रुग्णांसाठी बाक, औषधांची कपाटं आणि काउंटर हवा होता, आणि तोही उद्‌घाटनाच्या आत. काम मोठं होतं. मिस्त्रींनी माल तयार केला. पोचवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तुमची गाडी आहे ना?" आणि मिस्त्री सवयीनं म्हणाले, "आहे."

म्युझियमला त्यांनी तेल-पाणी केलं आणि पहाटे निघाले. सोबत कारखान्यातला पॉलिशवाला होता. घाटात गाडी तापली, एकदा थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागलं, पण चढली. तक्रार करत, धूर सोडत, पण मालासकट चढली. माथ्यावर पोचल्यावर पॉलिशवाल्यानं तिच्या बॉनेटवर थाप मारली. "मिस्त्री, म्हातारीत दम आहे की अजून!" मिस्त्रींना त्याचं बोलणं आवडलं नाही.

दवाखाना ताईच्याच रस्त्यावर होता. कोपऱ्यावर उभं राहिलं की तिच्या घराची वरची गॅलरी दिसायची. बाक उतरवताना मिस्त्रींनी दोनदा तिकडे बघितलं. गॅलरीत कपडे वाळत होते. माणूस कुणी नव्हतं.

जायचं त्यांच्या मनात होतं. अगदी चप्पल त्या दिशेला वळली होती. पण माल लावून झाला, हौदा रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या हौद्याकडे बघून त्यांच्या मनात नको ते विचार आले. आता गेलो तर ताई विचारणार, घाट चढली का रे गाडी? मग काय सांगायचं? चढली म्हटलं की लगेच सामान बांधायला घेईल. कपाट उतरवायला माणसं कुठून आणायची, दोर नाही, गोधड्या नाहीत. घरी खोलीत पुन्हा प्लायवूड येऊन बसलंय. आणि कपाट या फाळक्यावरून, या पाट्यांवर, त्या घाटातून? सगळे सांधे खिळखिळे होतील. असं घाईघाईत नको. नवी गाडी येऊ दे, मग रीतसर येऊ.

"कुणाकडे जायचंय का?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "चल, उजेडात घाट उतरू."

घरी आल्यावर बायकोनं पहिला प्रश्न केला, "ताई भेटल्या ना?"

"वेळच झाला नाही."

बायको त्यांच्याकडे नुसतं बघत राहिली. मग पान वाढायला उठली. त्या दिवशी ती आणखी काही बोलली नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मिस्त्रींना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

त्यानंतर ताईनं गाडीबद्दल विचारणं बंद केलं. फोन यायचे, ती सगळ्यांची खुशाली विचारायची, पण गाडीचा विषय काढायची नाही. मिस्त्रींना उलट हायसं वाटलं. ताई समजूतदार आहे, ते म्हणाले, माझ्यावर ओझं नको म्हणून विचारत नाही.

गाडी शेवटी बाजारात आली. तेव्हा वखारवाला म्हणाला, "पहिल्या खेपेतली घेऊ नका हां, मिस्त्री. गिअर टाकताना आवाज येतो म्हणतात. कंपनी आपल्यावर शिकते आणि मग दुसऱ्याला शहाणी गाडी देते." मिस्त्रींना ते पटलं. दुसऱ्या खेपेला रांग लागली. रांगेत त्यांना हवा तो रंग मागे पडला. असं करत करत ताईच्या पहिल्या फोनला दीड वर्ष होऊन गेलं, आणि मग एका सकाळी शोरूममधून निरोप आला, काका, या, तुमची गाडी उभी आहे.

गाडी खरंच सुंदर होती. पावसाळी ढगाच्या रंगाची. दार लावलं की खट्ट न होता थप्प असा आवाज व्हायचा, जसा चांगल्या बसलेल्या कपाटाचा होतो. मिस्त्री ती आधी वखारीवर घेऊन गेले. वखारवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, दोन चकरा मारल्या, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काही बोलायला जागाच ठेवली नाहीत की हो." मिस्त्रींना वाटलं होतं, हे वाक्य ऐकून आपण हवेत चालू. तसं काही झालं नाही. चहा पिऊन ते घरी आले आणि त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, सामान बांध! रविवारी येतोय."

"आली का गाडी?" ती म्हणाली. आवाजात आनंद होता, खोटा नव्हता. "ये, ये. जेवायलाच ये."

रविवारी मिस्त्री निघाले. हौद्यात जुन्या गोधड्या, नवा जाड दोर, चार लाकडी ठोकळे. घाट गाडी अशी चढली की गाणं लावलेलं मध्ये तुटलंसुद्धा नाही. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून त्यांनी मनात हिशेब केला, येताना इथं ताई असेल, ऊन तिच्या बाजूला येईल, रुमाल लावायला हवा काचेला.

दार जावेनं उघडलं. मिस्त्री सवयीनं जिन्याकडे वळले, तर ती म्हणाली, "वर नाही, इकडे." जिन्याखाली जी मोकळी जागा असते, तिथं एक कॉट टाकलेली होती. भिंतीला खिळे, खिळ्यांवर पिशव्या. डोकं वाकवल्याशिवाय तिथं नीट उभं राहता येत नव्हतं. ताई कॉटवर बसून चष्म्यातून त्यांच्याकडे बघत हसत होती.

"वरची खोली पुतण्याला दिली," ती म्हणाली. "त्यांना मुलं आहेत. मला काय, इथं जिनाही चढावा लागत नाही."

"केव्हापासून?"

"झाले दिवस. ते जाऊ दे, हातपाय धू."

कॉटशेजारी दोन गाठोडी, एक ट्रंक आणि शिवणयंत्र बांधून ठेवलं होतं. ते बघून मिस्त्रींच्या जिवात जीव आला. ते जेवले. ताई शेजारी बसून वाढत होती. हात पुसत ते उठले, "चल, आधी हत्ती उतरवू. दोर आणलाय."

"कपाट राहू दे, छोट्या. सुनेनं आपलं सामान लावलंय त्यात. तिला फार आवडलंय ते."

"अगं, पण तुला तिकडे लागेल की."

ताईनं त्यांच्या हातातला दोर घेतला आणि बाजूला ठेवला. "बस जरा. मी तिकडे येत नाहीये रे."

मिस्त्रींना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"इथं मागच्या गल्लीत एक नर्सबाई राहतात. निवृत्त झाल्यात. एकट्याच असतात, तळमजला आहे. त्यांनी बोलावलंय, सोबतीला राहा म्हणून. मी हो म्हटलंय. हे एवढं सामान तेवढं नेऊन पोचव. नव्या गाडीतून जाऊ."

"का?" मिस्त्री म्हणाले. "ही काही बोलली का तुला? फोनवर?"

"छे! तिच्यासारखी भावजय मिळायला नशीब लागतं."

"मग माझं काही..."

ताईनं ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "त्या दवाखान्यातले बाक तूच केलेस ना? मी जाते तिथं गुडघ्याला शेक घ्यायला. चांगले झालेत. कडा गोल केल्यास, टोचत नाहीत."

मिस्त्रींची नजर बाजूला ठेवलेल्या दोराकडे गेली.

"माल घेऊन आलास त्या दिवशी मी गॅलरीत कपडे काढायला आले होते. खाली बघते तर तुझी गाडी. निळं दार. म्हटलं, छोट्यानं कळवलं नाही, अचानक आलाय. घाई केली, भाजी चिरली, दोघांसाठी भात टाकला. कपाटातलं सामानसुद्धा काढायला घेतलं वेड्यासारखं." ती हसली. "तुला उशीर होतोय असंच वाटत राहिलं मला. दिवे लागेपर्यंत. मग जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले. दवाखान्याचा पहारेकरी म्हणाला, ती गाडी ना? ती दुपारीच गेली. रिकामीच गेली."

"ताई, तेव्हा वेळ..."

"नसेल. कामाचा माणूस तू."

"मला बोलायचं होतंस गं. एक शिवी हासडायची होतीस फोनवर."

"काय बोलू?" ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज किंचित हलला. "मला न्यायला ये, असं माणूस एकदा सांगतं, छोट्या. दोनदा कसं सांगायचं?"

बाहेर मुलं नव्या गाडीभोवती जमली होती. त्यांचा गलका आत येत होता.

"त्याआधी नर्सबाईंनी मला दोनदा विचारलं होतं," ताई पुढे म्हणाली, आता शांतपणे. "मी सांगायची, माझा भाऊ न्यायला येणार आहे. त्या दिवसानंतर ते मला तोंडानं म्हणवेना. तरी काही महिने काढले मी. मग पुतण्याची लांबलेली बदली झाली, तो आला, इथं कॉट टाकली, आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. हो म्हटलं. राग नाही रे माझा. खरंच सांगते. आता मला नर्सबाईंकडेच बरं वाटतं. आम्ही दोघी मिळून संध्याकाळी मुलींना शिवण शिकवतो. आता तुझ्याकडे येऊन मी काय करू?"

मिस्त्रींना खूप बोलायचं होतं. कॉट केलीय तुझ्यासाठी, उंच ठेवलीय. खिडकीपाशी दिवा लावलाय. पण ही सगळी वाक्यं त्यांच्या स्वतःच्याच कानाला आता फसवी वाटायला लागली. ते उठले आणि त्यांनी ट्रंक उचलली.

सामान भरायला वेळ लागलाच नाही. एवढ्या लांब हौद्यात ती दोन गाठोडी, ट्रंक, यंत्र आणि घडीची कॉट एका कोपऱ्यात मावली. हातगाडीवरूनसुद्धा गेली असती. गोधड्या आणि दोर तसेच पडून राहिले. ताईला वर चढता येईना; गाडीची पायरी उंच होती. जावेनं आतून स्टूल आणलं, मिस्त्रींनी तिला दंडाला धरून चढवलं. सीटवर बसल्यावर तिनं हात फिरवून सगळं बघितलं. "छान आहे हो! हवा किती येते. आणि आवाज कसला नाहीच." मिस्त्रींनी गाडी जितकी सावकाश चालवता येईल तितकी चालवली. तरी गल्ली संपलीच.

नर्सबाई उंच, खणखणीत आवाजाच्या होत्या. त्यांनी मिस्त्रींना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हीच का ते भाऊ?" एवढंच म्हणाल्या, पाणी दिलं आणि कामाला लावलं. आतल्या खोलीचं दार जमिनीला घासत होतं. मिस्त्रींनी ते बिजागरीतून काढलं, अंगणात आडवं टाकून रंधा मारला, परत बसवलं. मग स्वयंपाकघरातली फळी डुगडुगत होती, ती पक्की केली. खिडकीची खिट्टी बदलली. काम संपलं की ते इकडे तिकडे बघायचे, आणखी काही मोडलंय का. ऊन कलायला लागलं तेव्हा ताईच म्हणाली, "पुरे आता. निघ. घाट आहे."

ती फाटकापर्यंत आली. तिनं लहानपणी फिरवायची तसा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांतला भुसा झटकला. मिस्त्रींना त्या क्षणी तिथंच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. पण नव्या गाडीमुळे मागचा टेम्पो अडला होता आणि तो हॉर्न मारत होता.

घरी बायको दारात उभी होती. तिनं रिकामी सीट बघितली, हौदा बघितला. "ताई?"

"नाही आली," मिस्त्री म्हणाले. मग पायरीवर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, दवाखान्याच्या दिवसापासून, काही न लपवता. बायको त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. शेवटी म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला परत पाठवायला हवं होतं." आणि स्वयंपाकघरात गेली. तिला रडताना कुणी बघितलेलं आवडत नसे.

पुढे मिस्त्री नेमानं घाटापलीकडे जायला लागले. कधी काम काढून, कधी काही काम नसताना. ताईला आनंद व्हायचा. ती चहा करायची, चांगल्या कपातून द्यायची. नर्सबाई त्यांची चेष्टा करायला लागल्या होत्या. शिवण शिकायला येणाऱ्या मुली त्यांना बघून उठून उभ्या राहायच्या. सगळं छान होतं. फक्त तिथं ते पाहुणे होते, आणि पाहुण्यासारखंच वेळेवर उठून त्यांना निघावं लागायचं. पूर्वी ताई बरं-वाईट सगळं आधी त्यांना सांगायची. आता तिच्या कितीतरी गोष्टी त्यांना नर्सबाईंकडून कळायच्या, त्याही बोलता बोलता, मागाहून.

एकदा नर्सबाईंनी मापं देऊन सांगितलेलं एक छोटं मांडणीचं कपाट घेऊन ते गेले, तर दाराला कुलूप. शेजारची बाई कुंड्यांना पाणी घालत होती.

"दोघी समुद्रावर गेल्यात," ती म्हणाली. "चार दिवसांनी येतील. ताईंनी कधी समुद्र बघितला नव्हता ना, म्हणून नर्सबाईंनी हट्टच धरला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. ताईनं समुद्र बघितला नव्हता, हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी कपाट उतरवून शेजारणीच्या ओसरीवर ठेवलं, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर गोधडी घातली. शेजारीण हातातली झारी थांबवून म्हणाली, "कोण आलं होतं म्हणून सांगू?"

मिस्त्रींनी जरा विचार केला.

"सांगा, भाऊ येऊन गेला," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.